श्रावणातलं मुंगूस

कमलाकांत सावे सापाला भीत नसत. हे त्यांनी स्वतःच इतक्या वेळा सांगितलं होतं, की सोसायटीत कोणाला त्याबद्दल शंका उरली नव्हती. त्यांचं बालपण पालघरजवळच्या माहीमला, पानवेलीच्या वाडीत गेलं होतं, आणि त्या वाडीत म्हणे साप इतके, की माणसंच त्यांना विचारून पाय टाकायची. "आपण हललो नाही, की तोही काही करत नाही. शांत उभं राहायचं," हे ते शिफ्टच्या बसमध्ये, रेशनच्या रांगेत आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला थांबवून सांगत. त्यामुळे चौऱ्यांशी सालच्या श्रावणात, नागपंचमीच्या तीन-चार दिवस आधी एका सकाळी, न्हाणीघराच्या मोरीतून एक धामण वर आली आणि सावे अंगाला साबण नि कमरेला टॉवेल अशा अवस्थेत "मंजुळा! अगं मंजुळा!" करत थेट रस्त्यावर आले, तेव्हा लोकांना नवल वाटलं ते सापाचं नव्हे.

वेळही अशी, की बोईसरच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारी त्यांच्याच कारखान्याची बस नेमकी दारात उभी होती. निम्मा पॅकिंग विभाग खिडक्यांतून पाहत होता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तो 'बाजूला व्हा' म्हणून वाजवला की कौतुकानं, यावर कँटीनमध्ये पुढे बरेच दिवस दोन मतं होती.

धामण बिचारी आली तशी मोरीतून निघून गेली. पण सावेंची झोप गेली. झोपेपेक्षाही अब्रू गेली होती, आणि ती परत आणायची तर सापाचा कायमचा बंदोबस्त करणं भाग होतं.

बोईसरला नवी सोसायटी झाली की पाणी यायच्या आधी सल्ला येतो. सावेंच्या ओळीत सगळीच बैठी घरं, मागे भातशेती, त्यामुळे सापाबद्दल प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. सेक्रेटरी रामनाथ म्हणाले, फिनेल ओता. ओतलं. दोन दिवस घरात जेवण जाईना. कोणी म्हणालं, लसूण ठेचून भिंतीच्या कडेनं टाका. टाकली. ती मंजुळाबाईंनी उचलून चटणीला घेतली, कारण लसूण काही रस्त्यावर पडलेली नव्हती. शेवटी समोरचे नागोराव कुंपणाशी येऊन उभे राहिले.

नागोराव परभणीकडचे, कारखान्यात फिटर. आवाज असा की मशीन चालू असताना बोलायची सवय घरीही सुटलेली नाही. त्यांनी अंगणात कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्या कोंबड्यांवर ते पोटच्या पोरांसारखं लक्ष ठेवत.

"सावेसाब, लई डोकं नका चालवू," नागोराव म्हणाले. "मुंगूस पाळा. आमच्या गावाकडं बघा, मुंगूस हाय तिथं साप नाय म्हंजे नाय. साप वासानंच पळायलाय."

हे वाक्य नागोरावांनी स्वतःच्या तोंडानं, साक्षीदारांसमोर उच्चारलं होतं. सावेंनी ते पुढे अनेकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं.

मंजुळाबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. "उद्या पंचमी. मी पाटावर नाग काढून दूध-लाह्या ठेवणार, आणि तुम्ही त्याचा वैरी दारात बांधणार? देवाला काय वाटेल?"

"देव माझ्या न्हाणीघरात आला नव्हता," सावे म्हणाले.

आता मुंगूस आणायचं कुठून, हा प्रश्न होता. उमरोळीच्या पुढच्या एका पाड्यावरून बुधा आणि त्याची बायको ठकी पावसाळ्यात कंटोळी विकायला येत. बुधा आनंदी माणूस. त्याला काहीही विचारलं तरी तो आधी हो म्हणायचा आणि मग काय विचारलं ते ऐकायचा. सावेंनी त्याला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून सगळं समजावलं. करड्या रंगाचं, लांब शेपटीचं, बिळात राहणारं, चपळ.

"हाय की! आनतो ना!" बुधा म्हणाला आणि खुंटीवरच्या छत्रीकडे बघत राहिला. छत्री जुनी होती, पण चांगल्या मुठीची. सौदा ठरला.

बुधानं शब्द पाळला. दोनच दिवसांत तो तोंड बांधलेलं पोतं घेऊन हजर झाला. पोतं हलत होतं, फुसफुसत होतं, आणि त्यातल्या प्राण्याचा एकंदर जोर पाहता सावेंना धन्य वाटलं. सोसायटी जमली. उंदराच्या मोठ्या पिंजऱ्यात पोतं रिकामं झालं. लोक वाकून बघू लागले.

"अहो," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "ही घूस आहे."

घूसच होती. चांगली मांजराएवढी, केस पिंजारलेली आणि कमालीची रागावलेली. बुधाला मात्र आपलं काही चुकलंय असं वाटलं नाही. "तुमी बोलला लांब शेपटी. हाय. बोलला बिळात राहते. बिळातूनच काडलीय ना! चपळ बोलला, तर मना पकडताना अंगठ्याला चावली. आजून किती चपळ पायजे?" ठकीनं छत्री आधीच उघडून डोक्यावर धरली होती. परतीचा प्रश्नच नव्हता.

त्याच रात्री घुशीनं पिंजऱ्याची तार वाकवली आणि पसार झाली. सकाळी तिला शोधण्यात सावेंना कामावर जायला उशीर झाला, आणि इथून या गोष्टीला असं वळण लागलं की ज्यात घुशीचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर भाषेचा.

सावे कारखान्यात स्टोअरकीपर. आयुष्यात एक खिळाही कधी इकडचा तिकडे न केलेला माणूस. मॅनेजरसाहेब नवे आले होते, मूळचे कानपूरचे. मराठीत ज्या जनावराला घूस म्हणतात, त्याचं नाव त्यांच्या मुलखात लाचेला वापरतात, हे सावेंना ठाऊक नव्हतं. साहेबांनी उशिराचं कारण विचारलं. सावेंनी प्रामाणिकपणे, आपल्या हिंदीत सांगितलं.

"साब, क्या बोलूं, मैंने घूस लिया."

साहेबांच्या हातातला पेन थांबला. "क्या लिया?"

"घूस. मेरे को मालूम नहीं था साब. मैं समझा दूसरा कुछ है. एक आदमी पोते में डालके घर पे लाके दिया."

"पोते में?" साहेब उठून उभे राहिले. "कितनी थी?"

सावेंनी दोन्ही हात पसरून आकार दाखवला. "इतनी बड़ी! दोनों हाथ से उठाना पड़ा."

"और किसको मालूम है?"

"पूरी सोसायटी को मालूम है साब. सबके सामने खोला. बीवी बोली वापस करो, लेकिन वो आदमी वापस लेने को तैयार नहीं."

"अब कहाँ है?"

"घर में ही है साब, किधर तो छुपी है. मिलती नहीं."

साहेबांनी दरवाजा बंद केला. त्या दिवशी दुपारी सावेंना चौकशी पूर्ण होईपर्यंत रजेवर जायला सांगण्यात आलं, आणि मुंबईहून माणसं येऊन स्टोअरमधले नटबोल्ट मोजू लागली. आपण घूस पाळली म्हणून कंपनी नटबोल्ट का मोजते, हे सावेंना कळेना. त्यांनी घरी येऊन सांगितलं, "बहुतेक रोगराईची भीती असावी."

अशा रीतीनं कमलाकांत सावे पहिल्यांदाच भर आठवड्यात दुपारी घरी बसले.

ते घर अलीकडे फार शांत झालं होतं. एकुलती एक नलू लग्न होऊन बडोद्याला गेल्यापासून नवराबायकोचं बोलणं 'गॅस संपत आलाय' आणि 'पोस्टमन येऊन गेला' एवढ्यावर आलं होतं. भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा काहीतरी विषय लागतो. सावे मागच्या दाराच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसायचे आणि घुशीनं भिंतीखाली पोखरलेल्या भल्यामोठ्या बिळाकडे बघत राहायचे. भिंत एका बाजूला कलली होती. त्यांना स्वतःचंही काहीसं तसंच झाल्यासारखं वाटे.

एका सकाळी भाताच्या बांधावरून काहीतरी करडं, सपाट, पाण्यासारखं वाहत आलं. कुंपणाशी येऊन ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. लालसर डोळे, गुलाबीसर नाकाडं, छातीशी धरलेले पुढचे पंजे. सरकारी पाहुणा जागा बघायला यावा तसं त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि थेट बिळात शिरलं. आत बरीच धुमश्चक्री झाली. मातीची ढेकळं उडाली. मग सगळं शांत झालं. घूस पुन्हा कोणाला दिसली नाही. बऱ्याच वेळानं मुंगूस बाहेर आलं, उन्हात बसलं आणि पंजांनी तोंड पुसू लागलं.

"मंजुळा," सावे कुजबुजले, "लवकर ये. पण हळू ये."

मंजुळाबाई आल्या, पदर सावरत शेजारी पायरीवर बसल्या आणि बघत राहिल्या. लहानपणी मुंगूस दिसलं की मुलं रामाची शपथ घालून त्याला तोंड दाखवायला सांगतात. हे तर आपणहून तोंड दाखवत बसलं होतं.

"अहो, हे नाही, ही आहे," त्या म्हणाल्या. "आणि पोटुशी आहे. पोट बघा कसं उतरलंय. श्रावणात आली, माहेरवाशीणच म्हणायची."

झालं. त्या दिवसापासून मागचं अंगण मुंगशीचं झालं. कपडे पुढच्या दारी वाळू लागले. भांडी घासताना आवाज करायचा नाही असा हुकूम निघाला. सावेंनी अब्रूसाठी आणायला काढलेलं मुंगूस आपल्या पायांनी आलं होतं, तरी सोसायटीत सांगताना ते "आणवलं" असाच शब्द वापरत.

आणि ते तिचे हिशेब शिकू लागले. ऊन वर आलं की ती बाहेर पडे, अंधार व्हायच्या आत परत येई; जनरल शिफ्टच, ओव्हरटाइम नाही. नाक जमिनीला लावून चाले, मध्येच थांबून पंजांनी माती उकरी आणि एखादा किडा, सुरवंट, विंचू जे मिळेल ते कुरकुर आवाज करत खाई. सरडा खाई, बेडूक खाई, पडलेला चिकूसुद्धा खाई. सोसायटीचा दांडगा बोका एकदा तिच्या अंगावर गेला, तेव्हा तिनं सगळे केस असे फुलवले की ती होती त्याच्या दुप्पट झाली आणि शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी दिसू लागली. बोका दुसरंच काहीतरी काम आठवल्यासारखा निघून गेला. संध्याकाळी नवराबायको जेवायला बसले की पहिला प्रश्न असे, "आज काय काय केलं तिनं?" जेवण लांबायचं. एकदा सावे हसता हसता ठसका लागून उठले. त्या घरात किती दिवसांनी कोणाला हसून ठसका लागला होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नाही. एके दुपारी तीच धामण कुंपणाच्या कडेनं आली. सावे श्वास रोखून पायरीवर पाय वर घेऊन बसले. आता महायुद्ध होणार! मुंगशीनं मान वर करून धामणीकडे पाहिलं. धामणीनं तिच्याकडे पाहिलं. मग मुंगशी पुन्हा खाली वाकून आपला किडा उकरू लागली आणि धामण आपल्या वाटेनं भातात गेली. पोट भरलेलं असताना एवढ्या मोठ्या धुडाशी कोण भांडत बसणार? सावेंना ते पटलं. ते स्वतः त्या सापापासून कसे पळाले होते हे त्यांना आठवलं, आणि तिच्याबद्दल आणखीच आपुलकी वाटली.

थोड्याच दिवसांत बिळातून बारीक चूंचूं ऐकू येऊ लागलं. मंजुळाबाईंनी शेजारी शिरा वाटला. कशाबद्दल ते सांगितलं नाही. आणि त्याच सुमाराला नागोरावांची अंडी नाहीशी होऊ लागली.

नागोराव श्रावण पाळत. अंडी खायची नाहीत, पण उबवायला ठेवायची. रोज एखादं कमी भरू लागलं. त्यांनी शोध घेतला, तर टरफलं सापडली सावेंच्या मागच्या भिंतीशी. एक नाही, चांगला ढीग. आणि भिंतीवर पिवळे ओघळ.

आता हे समजायला एवढं माहीत हवं, की श्रावणात सामाईक गटारात मासळीचे काटे आणि अंड्यांची टरफलं टाकू नयेत, असा ठराव मागच्याच वर्षी सोसायटीत झाला होता आणि तो मांडणारे होते कमलाकांत सावे. त्यावर त्यांनी मनःशुद्धी या विषयावर बोलूनही घेतलं होतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आधी घूस घेतली, आता श्रावणात शेजाऱ्याची अंडी चोरून खातो. नळावर बायका मंजुळाबाईंकडे सहानुभूतीनं बघू लागल्या. सगळ्यांत कहर केला जमनानं. जमना माहीमची मासळीवाली. श्रावणात तिचा धंदा बसलेला. ती टोपली घेऊन भर सकाळी सावेंच्या पुढच्या दारात बसली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सावेभाव, आता लपून कशाला खाताव? आमी काय परके हाव? सुके बोंबील आनलेत, घे बाय मंजुळा, कोनाला नाय सांगत मी!"

सावेंनी दार लावून घेतलं. ते आत खुर्चीवर बसले. "नोकरीत नाव गेलं, गल्लीत नाव गेलं," ते म्हणाले. "आता माहीमलाही जाईल. ती टोपली तिकडूनच येते."

"अहो, पण अंडी फोडतं कोण?" मंजुळाबाईंनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी ते खिडकीच्या फटीला डोळा लावून बसले आणि जे दिसलं ते पाहून एकटेच टाळ्या वाजवू लागले.

रामनाथांनी सभा बोलावली होतीच. ती त्यांच्याच ओटीवर भरली. रामनाथ साधं बोलतच नसत, विषय मांडत. "विषय पहिला, अंडी," ते म्हणाले.

सावे उठले. "अंडी मुंगूस नेतं."

"मुंगूस साप मारायलंय, सावेसाब," नागोराव गरजले. "अंडं फोडायला त्याला हात हायेत का? दातानं धरंल तर अंडं सुटतंय. भिंतीवर कसं फुटलं? मुंगसानं काय क्रिकेट खेळलंय?"

"तेच सांगतो. ती भिंतीकडे पाठ करते..."

"म्हंजे?"

म्हंजे काय, ते शब्दांत सांगता येईना. सावेंनी रामनाथांच्या टोपलीतून एक बटाटा उचलला. भिंतीकडे पाठ केली. मागचे, म्हणजे एकुलते एक, पाय फाकवले. खाली वाकले, दोन्ही हातांत बटाटा धरला आणि पायांमधून जोरात मागे फेकला. बटाटा भिंतीला लागून उसळला आणि विषय मांडणाऱ्या रामनाथांच्या कपाळावर बसला.

सावे वाकलेलेच होते. कारखान्याच्या बसनंतर सोसायटीनं त्यांना अशा अवस्थेत पाहण्याची ही दुसरी खेप.

"पुरावा पाहिजे," रामनाथ कपाळ चोळत म्हणाले. "मुंगसाचा. तुमचा नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी नागोरावांनी पुराव्यासाठी आपलं एक अंडं जड मनानं दिलं. ते भिंतीपासून थोडं लांब ठेवण्यात आलं. सगळी सोसायटी सावेंच्या स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत दाटीवाटीनं, खिडकीला डोळे लावून उभी राहिली. मंजुळाबाईंनी सगळ्यांच्या चपला बाहेर आणि बांगड्या वर सारायला लावल्या. जमनाही होती. तिला कोणी बोलावलं ते कळलं नाही.

मुंगशी बाहेर आली. अंड्याभोवती एक फेरी मारली. वास घेतला, नाकानं ढकलून पाहिलं, दातांनी धरून पाहिलं, सुटलं. मग तिनं ते पंजांनी लोटत लोटत भिंतीजवळ आणलं. वळली. भिंतीकडे पाठ केली. मागच्या पायांवर उभी राहिली, पुढच्या दोन पंजांत अंडं घट्ट धरलं आणि खाली वाकून पायांमधून असं मागे भिरकावलं की ते खाटकन भिंतीवर फुटलं. लगेच वळून ती चाटू लागली.

"अग्गो बाय!" जमना ओरडली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुंगशी बिळात पळाली. रामनाथांनी सावेंचा हात हातात घेतला. "आपल्याबद्दल गैरसमज झाला, तो दूर झाल्याची नोंद घेण्यात येते." कोणीतरी सावेंना पुन्हा एकदा बटाटा टाकून दाखवायची विनंती केली. सावेंनी ती मोठ्या मनानं नाकारली.

नागोराव एकटेच हसत नव्हते. "म्हंजे चोर हीच," ते म्हणाले. "सावेसाब, तुमचं नाव साफ झालं, आनंद हाय. पर माझ्या कोंबड्यांचं काय? आज अंडी, उद्या पिलं. मी पिंजरा आनतो. पकडून पार तारापूरच्या खाडीपलीकडं सोडतो."

सावेंचा चेहरा उतरला. आपलं नाव परत मिळवायच्या नादात त्यांनी तिचं नाव पुढे केलं होतं. तिच्याकडे ठरावही नव्हता आणि मनःशुद्धीही नव्हती. पिलं होती.

"तिची पोरं अजून डोळे उघडायचीत," मंजुळाबाई म्हणाल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सावेंनीही ताट सारलं.

दुसऱ्याच सकाळी सावे पालघरला गेले. तिथल्या एका कचेरीत रानातल्या प्राण्यांचं बघतात असं कोणीतरी सांगितलं होतं. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कोणाविरुद्ध?"

"विरुद्ध नाही. संरक्षण पाहिजे. मुंगसाला."

"मुंगूस तुमचं?"

"नाही. माझं नाही."

"मग कोणाचं?"

"कोणाचंच नाही. तिचं तीच."

"मग ती का नाही आली?" कारकुनानं इतक्या सहज विचारलं, की सावेंनी नकळत मागे वळून पाहिलं.

"राहते कुठे? रानात?"

"माझ्या भिंतीखाली."

"भिंत आली म्हणजे ग्रामपंचायत आली." ग्रामपंचायतीत कळलं, की भिंतीखालचं बीळ वसाहतीच्या हद्दीकडे जातं, तेव्हा विचारणा तिकडे करावी. वसाहतीच्या कचेरीत एका सज्जन गृहस्थांनी चहा पाजला आणि सांगितलं, की बिळाला नळजोडणी हवी असेल तर ते काही करू शकतील. सावे घरी आले आणि मंजुळाबाईंच्या डोळ्यांकडे न बघता म्हणाले, "काम होईल असं म्हणालेत." मंजुळाबाईंनी ते पटल्यासारखं दाखवलं.

त्यानंतरच्या सकाळी धो धो पाऊस पडला. भातातलं पाणी चढून अंगणात आलं. नागोराव पिंजरा घेऊन घराबाहेर पडले, तेव्हा सावे छत्री नसल्यामुळे डोक्यावर पोतं घेऊन बिळाशी उभे होते. त्यांना अडवायचं असा निश्चय त्यांनी केला होता. काय बोलायचं हे ठरलं नव्हतं.

पण मुंगशीनं दोघांचीही वाट पाहिली नाही. बिळात पाणी शिरू लागलं होतं. ती ओली गच्च होऊन बाहेर आली, तोंडात मानेशी धरलेलं एक इवलंसं, लोंबणारं पिलू, आणि कुंपणाखालून निघून, घराला वळसा घालत भर रस्त्यावर आली. त्याच वेळी वळणावरून शिफ्टची बस आली. हॉर्न वाजला. मुंगशी रस्त्याच्या मध्ये थबकली. केस फुलवायचा प्रयत्न केला, पण भिजलेले केस फुलेनात. पिलू तोंडातून सुटेना आणि पाय पुढे पडेनात.

"ए! थांब! थांब रे!" असा आवाज आला, की मशीनं चालू असताना परभणीपर्यंत गेला असता. नागोराव बससमोर उभे होते. एका हातात पिंजरा, दुसरा हात वर. "बाळंतीण हाय! दिसत नाय का तुला?"

बस थांबली. निम्मा पॅकिंग विभाग पुन्हा खिडकीत आला. मुंगशी रस्ता ओलांडून सरळ नागोरावांच्या आवारात गेली. त्यांनी नव्या खोलीसाठी रचून ठेवलेल्या कौलांच्या ढिगात तिनं पिलू ठेवलं आणि दुसऱ्यासाठी परत निघाली. तिच्या सगळ्या खेपा होईपर्यंत नागोरावांनी हात खाली घेतला नाही. बसमधलं कोणी घड्याळ पाहिलं नाही. सावे पोतं घेऊन दुसऱ्या बाजूची वाहतूक अडवत होते. त्या बाजूनं फक्त एक सायकलवाला येत होता, पण त्याला त्यांनी सोडलं नाही.

शेवटचं पिलू आत गेल्यावर नागोरावांनी हातातल्या पिंजऱ्याकडे पाहिलं. तो हळूच पायामागे सरकवला.

"सावेसाब," ते नेहमीपेक्षा पुष्कळ खालच्या आवाजात म्हणाले, "कौलं तर खुराड्याला लागूनच हायेत."

"हो," सावे म्हणाले.

"आता घरात आलेल्या बाळंतिणीला कसं काढायचं?"

पुढच्याच आठवड्यात कारखान्याची चौकशीही संपली. मुंबईहून आलेला मोठा अधिकारी मराठी निघाला. सावेंचा जबाब वाचून तो इतका हसला, की मॅनेजरसाहेबांनी त्याच्यासाठी पाणी आणवलं. साहेबांनी सावेंची क्षमा मागितली आणि तेव्हापासून ते त्यांच्याशी इंग्रजीत बोलू लागले. सावे कामावर रुजू झाले. नाव परत आलं, खुर्ची परत आली. पण घरी आलं की अंगण रिकामं. समोरून नागोरावांच्या हाका ऐकू येत: "हळू बोला रे, झोपलीत ती!" मंजुळाबाई पुढच्या दाराच्या पायरीवर बसून समोरच्या कौलांकडे बघत. "माहेर सोडून सासरी गेली हो," त्या म्हणाल्या. "तिकडे तिला अंडं मिळतं. आपल्याकडे काय, किडे."

श्रावण संपला, गणपती येऊन गेले, नवरात्र बसलं. मंजुळाबाईंचे नऊ दिवसांचे उपास सुरू झाले. एका संध्याकाळी सावे शिफ्टच्या बसमधून उतरले ते घरी न जाता कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानात रामनाथ होते, आणखी दोघंतिघं होते.

"एक अंडं द्या," सावे मोठ्यानं म्हणाले.

रामनाथांनी चष्मा पुसला. "नवरात्रात?"

"नवरात्रात."

ते अंडं त्यांनी पिशवीत घातलं नाही, की रुमालात गुंडाळलं नाही. उजव्या हातात धरून ते भर गल्लीतून चालत गेले. मंजुळाबाई देवीला दिवा लावून आल्या होत्या. त्यांनी अंडं पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मागचं दार उघडलं.

दुसरा दिवस सुट्टीचा. अंडं भिंतीपुढे ठेवून दोघं पायरीवर बसले. ऊन वर आलं. बऱ्याच वेळानं रस्ता ओलांडून मुंगशी आली, आणि तिच्या मागोमाग, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं नाक लावून, तिची पिलं. लांबून पाहिलं असतं तर एकच लांबलचक साप चाललाय असं वाटलं असतं. मंजुळाबाईंनी सावेंचा हात धरला.

मुंगशीनं अंडं हुंगलं आणि बाजूला झाली. सगळ्यांत धीट पिलू पुढे आलं. अंडं त्याच्या डोक्याहून मोठं. त्यानं भिंतीकडे पाठ केली. पंजांनी अंड्याला मिठी मारली, मागच्या पायांवर उभं राहायचा प्रयत्न केला आणि अंड्यासकट कोलांटी खाऊन पडलं. उठलं. पुन्हा पाठ केली, पुन्हा फेकलं. अंडं वीतभर घरंगळलं आणि थांबलं. पिलानं वळून पाहिलं, फुटलेलं नाही. ते चक्रावून अंड्याकडे, मग आईकडे, मग परत अंड्याकडे बघू लागलं. मंजुळाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

कुंपणापलीकडे नागोराव उभे होते. ते कधी आले कळलं नाही. "सावेसाब," ते शक्य तितक्या हळू ओरडले, "भिंत लांब पडायलीय त्याला. पोर लहान हाय. जरा जवळ सरकवा की!"

त्यांच्या मागे रामनाथ होते. दुकानातली माणसंही होती. जमना टोपली खाली ठेवून टाचा उंचावत होती. कमलाकांत सावे उठले, धोतराचा सोगा खोचला आणि सगळ्यांच्या देखत हातापायांवर रांगत, अंगणातल्या चिखलातून, अंडं भिंतीजवळ सरकवायला निघाले.